डाउनलोड न करता फाइलचा आकार कसा कळतो, आणि कधी कळत नाही

मोठी फाइल डाउनलोडला लावली की ब्राउझर कधी व्यवस्थित हिशेब देतो: एकूण इतके एमबी, त्यातले इतके झाले, इतकी मिनिटं राहिली. दुसऱ्या एखाद्या फाइलच्या वेळी मात्र तोच ब्राउझर झालेल्या एमबींचा आकडा नुसता वाढवत बसतो. एकूण किती आणि संपणार कधी, याचा पत्ताच नाही. नेट तेच, ब्राउझर तोच. मग फरक कुठे पडला?

सर्व्हरने पाठवलेल्या, किंवा न पाठवलेल्या, एका ओळीमुळे. शेकडो लिंकांची यादी हाती आहे आणि त्या फाइल्स उतरवून घेण्याआधी डिस्कवर जागा पुरेल का हे पाहायचं आहे, किंवा कोणती फाइल बदलली असावी याचा अंदाज घ्यायचा आहे, तर त्यासाठी लिहिलेली स्क्रिप्टही याच ओळीवर अवलंबून असते. काम पाच-सहा ओळींचं दिसतं, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात भागतंही. पण ज्या वेळा भागत नाही, त्याच समजून घेण्याजोग्या आहेत.

आकार विचारायचा कोणाला?

आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलचा आकार सांगायला ऑपरेटिंग सिस्टीमला ती फाइल उघडावीसुद्धा लागत नाही. प्रत्येक फाइलची नोंद आधीच ठेवलेली असते आणि त्या नोंदीत आकार असतो. दूरच्या सर्व्हरवरची ही नोंद आपल्याला थेट वाचता येत नाही, कारण त्याच्या डिस्कपर्यंत आपला हातच पोहोचत नाही. आपण विनंती पाठवायची आणि सर्व्हर जे उत्तर देईल ते वाचायचं, एवढंच आपल्या हाती. या देवाणघेवाणीचे नियम म्हणजे एचटीटीपी.

उत्तराचे दोन भाग असतात. आधी येतात हेडर, म्हणजे उत्तराबद्दल माहिती देणाऱ्या छोट्या ओळी. मग एक रिकामी ओळ, आणि त्यानंतर मुख्य मजकूर, म्हणजे प्रत्यक्ष फाइल. आपल्या कामाच्या हेडरचं नाव 'कंटेंट-लेंग्थ'. त्याच्यापुढे नुसता पूर्णांक असतो आणि तो बाइटमध्ये असतो. एमबी नाही, जीबी नाही, स्वल्पविरामही नाही. समजा, 'कंटेंट-लेंग्थ: ७३४००३२००'. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

ही सोय सुरुवातीपासून नव्हती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ सालच्या पहिल्या एचटीटीपीत हेडर हा प्रकारच नव्हता. एका ओळीत दस्तऐवज मागायचा, सर्व्हर तो पाठवायचा आणि संपला की कनेक्शन तोडायचा. कनेक्शन तुटलं म्हणजे मजकूर संपला, असं समजायचं. तो खरोखर संपला की मधेच काही बिघडलं, हे ओळखायला साधन नव्हतं. १९९६ मध्ये कागदावर आलेल्या १.० आवृत्तीत मात्र हेडर आहेत, कंटेंट-लेंग्थ आहे, आणि आपल्याला हवी असलेली 'हेड' ही विनंतीही आहे.

'हेड' म्हणजे काय?

फाइल मागताना ब्राउझर एरवी जी विनंती पाठवतो तिला 'गेट' म्हणतात. 'हेड' ही तिचीच धाकटी बहीण. पार्सल इकडे पाठवू नका, फक्त त्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचून दाखवा, असं सांगण्याचा हा प्रकार. गेटला उत्तर देताना जे हेडर दिले असते तेच सर्व्हरने द्यायचे आणि मजकूर मात्र पाठवायचा नाही. फाइल कित्येक जीबींची असली तरी हे उत्तर सहसा एखाद-दुसऱ्या केबीत आटोपतं.

स्क्रिप्टने करायचं ते असं: लिंक घ्यायची, हेड पाठवायची, उत्तराचा क्रमांक (विनंतीचं काय झालं ते सांगणारा तीन अंकी आकडा) तपासायचा, कंटेंट-लेंग्थ शोधून तिचा आकडा करायचा. कमांड लाइनवर 'कर्ल' या विनंत्या पाठवणाऱ्या साधनाला कॅपिटल 'आय'चा पर्याय दिला की तो हेडच पाठवतो आणि आलेले हेडर समोर मांडतो. पायथन, पीएचपी, पॉवरशेल, सगळीकडे यासाठी तयार सोय आहे. एवढं सांभाळायचं, की हेडरच्या नावातली अक्षरं कुठे मोठी येतात, कुठे लहान (एचटीटीपी २ मध्ये तर सगळी लहानच), म्हणून नाव शोधताना तो भेद धरायचा नाही.

आकडा मिळाला, पण कशाचा?

पहिली फसगत इथे होते. स्क्रिप्ट सांगते की फाइल १६२ बाइटची आहे, आणि आपल्याला तर माहीत असतं की ती चांगली मोठी व्हिडिओ फाइल आहे. झालेलं असं असतं, की लिंकने आपल्याला दुसऱ्या पत्त्याकडे वळवलं. याला रीडायरेक्ट म्हणतात. उत्तराचा क्रमांक ३०१, ३०२, ३०७ किंवा ३०८ असतो, नवा पत्ता 'लोकेशन' या हेडरमध्ये असतो, आणि सोबत आलेला आकडा 'ही वस्तू तिकडे गेली आहे' एवढंच सांगणाऱ्या चिमुकल्या पानाचा असतो. कर्ल आपणहून वळत नाही, त्याला कॅपिटल 'एल'चा पर्याय द्यावा लागतो. वळायला लावल्यावर तो वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचे हेडर छापतो, तेव्हा शेवटच्या गटातला आकडा घ्यायचा. पायथनमधल्या लोकप्रिय 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीची तर वेगळीच गंमत. तिचं गेट रीडायरेक्टच्या मागे आपोआप जातं, हेड जात नाही, ते मुद्दाम सांगावं लागतं. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ एवढ्याने मिटेल.

दुसरी फसगत अधिक चोरटी. फाइल सर्व्हरवर नसेल तर ४०४ क्रमांक येतो, पण 'सापडली नाही' असं सांगणाऱ्या त्या पानालाही लांबी असतेच. क्रमांक न पाहता आकडा उचलणारी स्क्रिप्ट त्या पानाचा आकार फाइलचा म्हणून नोंदवून मोकळी होते. त्याहून वाईट म्हणजे लॉगिनचं पान: फाइल बघायला परवानगी हवी असते, सर्व्हर तसं न सांगता लॉगिनचं पान पाठवतो आणि क्रमांक मात्र २०० देतो, म्हणजे सगळं ठीक. अशा वेळी मजकूर कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणारा 'कंटेंट-टाइप' हेडर पाहायचा. मागितलं पीडीएफ आणि आलं एचटीएमएल, म्हणजे वेबपान, तर तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

व्हिडिओच्या बाबतीत आणखी एक. आजकाल पुष्कळ व्हिडिओ एका फाइलमध्ये नसतातच. काही सेकंदांचे तुकडे असतात आणि त्यांची यादी एका छोट्या फाइलमध्ये असते. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत हीच. यादीच्या लिंकचा आकार विचारलात तर यादीचाच मिळेल, आणि तो काही केबी असेल. सर्व्हरने इथे काहीच चुकीचं सांगितलेलं नाही.

ती ओळ आपल्यासाठी लिहिलेली नाही

आता मुख्य प्रश्न. क्रमांक २००, पत्ता बरोबर, प्रकार बरोबर, आणि तरी कंटेंट-लेंग्थ नाहीच. सर्व्हर इतकी साधी गोष्ट का सांगत नाही?

कारण कंटेंट-लेंग्थ ही आपल्या सोयीसाठी दिलेली माहिती आहे, असं आपण धरून चालतो. एचटीटीपी १.१ मध्ये तिचं खरं काम वेगळं आहे. १९९७ मध्ये आलेल्या या आवृत्तीने एकच कनेक्शन उघडं ठेवून त्यावरून एकामागोमाग अनेक उत्तरं पाठवायची पद्धत नेहमीची केली, कारण दर चित्रासाठी नवं कनेक्शन जोडण्यात वेळ जायचा. पण कनेक्शन तुटणारच नसेल तर एक उत्तर संपून दुसरं कुठे सुरू झालं, हे ओळखायचं कसं? आधी लांबी सांगा, म्हणजे ब्राउझर तेवढे बाइट मोजून घेईल आणि पुढचा बाइट नव्या उत्तराचा समजेल. कंटेंट-लेंग्थ हा असा सीमेचा दगड आहे. त्यावरून आपल्याला टक्केवारी दाखवता येते, हा वरचा फायदा.

आणि कित्येकदा सर्व्हरला लांबी पाठवण्याआधी ठाऊकच नसते. डिस्कवर पडून असलेल्या फाइलची असते. पण तुम्ही 'सगळे फोटो एका झिपमध्ये द्या' असं बटण दाबता तेव्हा ती झिप बऱ्याच ठिकाणी त्या क्षणी तयार होऊ लागते. डेटाबेसमधून निघणारा अहवालही तसाच. पूर्ण तयार होईपर्यंत थांबून, मोजून, मग पाठवायचं म्हटलं तर तुम्ही ताटकळणार आणि सर्व्हरची मेमरी अडकून पडणार. यासाठी १.१ मध्येच दुसरा मार्ग काढला गेला, त्याचं नाव 'चंक्ड'. उत्तर तुकड्यातुकड्यांनी पाठवायचं, प्रत्येक तुकड्याआधी त्याच तुकड्याची लांबी लिहायची, आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा पाठवायचा. शून्य आलं की संपलं. एकूण बेरीज आधी कुणालाच माहीत नसते, पाठवणाऱ्यालाही नाही. आकडा वाढवत बसलेला तो ब्राउझर आठवा. त्याला मिळालेलं उत्तर बहुधा याच जातीचं होतं.

२०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये आणि २०२२ च्या एचटीटीपी ३ मध्ये चंक्ड उरलं नाही, कारण तिथे उत्तराचा शेवट दाखवायची व्यवस्था वाहतुकीतच बसवलेली आहे. म्हणजे सीमेचा दगड म्हणून कंटेंट-लेंग्थची गरज तिथे राहिली नाही. चांगले सर्व्हर ती अजूनही पाठवतात, पण न पाठवणाऱ्याने कोणताही नियम मोडलेला नसतो. हेडच्या उत्तरात तर नियमांनीच मोकळीक दिली आहे: जो हेडर मजकूर प्रत्यक्ष तयार करतानाच ठरतो, तो गाळला तरी चालेल.

हेड चालत नसेल तर एक बाइट मागा

काही सर्व्हर हेड ऐकूनच घेत नाहीत आणि ४०५ क्रमांक देतात, म्हणजे ही पद्धत इथे चालत नाही. काही लिंका ठरावीक मुदतीपुरत्या असतात, त्यांच्यात परवानगीची सांकेतिक सही घातलेली असते, आणि त्या फक्त गेटसाठी बनवलेल्या असतात. त्यांना हेड पाठवली की सही जुळत नाही आणि ४०३ येतो. ब्राउझरमध्ये तीच लिंक बिनतक्रार उघडते, त्यामुळे माणूस चक्रावतो.

यावरची युक्ती मला फार आवडते. गेटच पाठवायचं, पण 'रेंज' या हेडरमध्ये सांगायचं की मला शून्यापासून शून्यापर्यंतचे बाइट द्या. म्हणजे पहिला एकच बाइट. अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे चालू करायला जी सोय आहे तीच ही. सर्व्हर तिला मान देत असेल तर २०६ क्रमांक येतो आणि सोबत 'कंटेंट-रेंज' नावाचा हेडर: 'बाइट्स ०-०/७३४००३२००'. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे पूर्ण फाइलचा आकार. फाइलचा एक बाइट आणला आणि काम झालं.

यात तीन खाचा आहेत. २०६ च्या उत्तरातही कंटेंट-लेंग्थ असते आणि ती '१' असते, कारण पाठवलेला मजकूर एवढाच. सवयीने तीच वाचली तर यादीतल्या सगळ्या फाइल्स एकेका बाइटच्या निघतील. दुसरं, रेंज न मानणारा सर्व्हर २०० देतो आणि सगळी फाइलच ओतायला लागतो. म्हणून स्क्रिप्टने हेडर वाचायचे आणि मजकुराला हात लावण्याआधी कनेक्शन बंद करायचं. तिसरं, फाइल रिकामी असेल तर पहिला बाइटच नसतो. तेव्हा ४१६ हा चूक दाखवणारा क्रमांक येतो, पण त्यासोबत बहुधा 'बाइट्स */०' असं बरोबर उत्तरही असतं. तिरक्या रेघेनंतर आकड्याऐवजी तारा दिसला, तर एकूण आकार सर्व्हरलाही माहीत नाही.

तेच ७३,४०,०३,२०० बाइट, आणि वेगवेगळे आकार

आकडा बरोबर मिळाला तरी 'आकार' म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न उरतोच. मजकुराच्या फाइल्स सर्व्हर पुष्कळदा दाबून पाठवतो, म्हणजे कॉम्प्रेस करून, आणि ब्राउझर त्या पोहोचल्यावर उलगडतो. अशा वेळी कंटेंट-लेंग्थ दाबलेल्या मजकुराची असते. डिस्कवर उतरल्यावर फाइल कितीतरी मोठी निघते आणि स्क्रिप्टने चूक केली असं वाटतं. शिवाय सर्व्हर जागच्या जागी दाबत असेल तर दाबून किती होईल हे त्याला आधी माहीत नसतं, त्यामुळे ही ओळच गळून पडते. एनजिनेक्स या बहुप्रचलित सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू केलं की नेमकं हेच घडतं.

यावर उपाय एका हेडरचा. 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग'मध्ये 'आयडेंटिटी' लिहायचं, म्हणजे दाबू नका, आहे तसं द्या. पुष्कळदा हरवलेली कंटेंट-लेंग्थ एवढ्याने परत येते. पायथनमधली मुळातली लायब्ररी हे आपोआप लिहिते. 'रिक्वेस्ट्स' मात्र दाबलेलं चालेल असं सांगते. एकाच लिंकसाठी दोन स्क्रिप्टांनी दोन उत्तरं दिली, तर आधी इथे बघा. फोटो, व्हिडिओ, झिप या गोष्टी मुळातच दाबलेल्या असल्याने त्यांच्या बाबतीत हा घोळ सहसा होत नाही.

आता तो आकडा. ७३,४०,०३,२०० ला दहा लाखांनी भागलं तर ७३४ एमबी होतात. १०२४ गुणिले १०२४ ने भागलं तर बरोबर ७००. विंडोज दुसरा हिशेब धरून 'एमबी' लिहितं, मॅक २००९ पासून पहिला हिशेब धरून तेच 'एमबी' लिहितो. दोघांची फाइल एकच आणि बाइट तेवढेच. माझं मत असं, की स्क्रिप्टने साठवताना बाइटच साठवावेत. माणसाला दाखवण्याच्या शेवटच्या क्षणी हवा तो भागाकार करावा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डाउनलोडच करून मोजलं तर?

छोट्या, मोजक्या फाइल्स असतील तर खुशाल करा. खात्रीचा आकार तोच. चंक्ड उत्तर असेल आणि वरच्या युक्त्याही चालल्या नाहीत, तर दुसरा इलाजही नाही. पण हजार लिंका असतील तर त्यासाठी सगळा डेटा ओढणं म्हणजे स्वतःचं नेट आणि समोरच्या सर्व्हरची वाहतूक दोन्ही वाया घालवणं. पायरीपायरीने जावं: आधी हेड, ती अडली तर एक बाइट, तेही जमलं नाही आणि आकार खरोखर हवाच असला तरच पूर्ण फाइल. हजार हेडही एका दमात फेकू नयेत. हेड हलकी असली तरी सर्व्हरला काम पडतंच, आणि घाई केली तर ४२९ येतो: फार विनंत्या झाल्या, दमानं घ्या. तो आला की 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये लिहिलं असेल तितकं थांबायचं.

वेबपानातल्या जावास्क्रिप्टमधून हेच का जमत नाही?

कर्लला जे उत्तर मिळतं तेच ब्राउझरमधल्या स्क्रिप्टला मिळेलच असं नाही. पान एका साइटचं आणि फाइल दुसऱ्या साइटवर, असं असेल तर दुसऱ्या साइटने परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर ते उत्तर स्क्रिप्टच्या हाती देत नाही. या नियमांना 'कॉर्स' म्हणतात. उत्तर ब्राउझरपर्यंत आलेलं असू शकतं, पण तो ते स्क्रिप्टपासून झाकून ठेवतो. परवानगी असली तरी कंटेंट-रेंज वाचायला ती वेगळी, नाव घेऊन, द्यावी लागते. म्हणून असं काम स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टकडे सोपवणं सोपं पडतं.

मिळालेल्या आकड्यावर किती विसंबायचं?

अंदाजासाठी बऱ्यापैकी, सुरक्षिततेसाठी अजिबात नाही. काही वेब ॲप हेडच्या उत्तरात बेधडक ० पाठवतात, कारण त्यांनी मजकूर तयारच केलेला नसतो. हेड आणि गेट यांच्या मधल्या वेळात फाइल बदलूही शकते. त्यासाठी आकारासोबत 'ईटॅग' (फाइलच्या आवृत्तीची खूण) आणि 'लास्ट-मॉडिफाइड' (शेवटच्या बदलाची वेळ) हे दोन हेडरही नोंदवून ठेवावेत. हे बदलले असतील तर जुना आकार बाद.

लोकांनी दिलेल्या लिंकवरून फाइल आणणारी सेवा लिहीत असाल तर 'आकार दहा एमबीपेक्षा कमी आहे ना' ही हेडवरची तपासणी हा दरवाजा नव्हे, नुसती पाटी आहे. डाउनलोड चालू असताना स्वतः बाइट मोजायचे आणि मर्यादा ओलांडली की तोडायचं. उलगडतानाही वेगळी मर्यादा हवी. '४२ डॉट झिप' ही कुप्रसिद्ध फाइल जेमतेम ४२ केबीची आहे आणि आतल्या थरांसकट पूर्ण उलगडली तर ४.५ पेटाबाइट, म्हणजे सुमारे ४५ लाख जीबी, होते. तिची कंटेंट-लेंग्थ अगदी निरागस दिसेल.

उलट बाजूनेही हा आकडा कामाला येतो. सर्व्हरने लांबी सांगितली आणि त्याहून कमी बाइट आले, तर फाइल अर्धवट आहे हे नक्की. कर्ल अशा वेळी १८ क्रमांकाची चूक देऊन थांबतो. स्क्रिप्टने ती गिळून टाकू नये.

राहिली साठवण. आकार ३२ बिटच्या खात्यात ठेवला तर २,१४,७४,८३,६४७ बाइटच्या पुढे, म्हणजे दोन जीबीच्या थोडं पलीकडे, कुठे उणे आकडे येतात तर कुठे नोंदच नाकारली जाते. ६४ बिट घ्या. आणि आकार कळला नाही तर तिथे ० लिहू नका, जागा रिकामी सोडा. रिकामी फाइल आणि न कळलेली फाइल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बेरजेत शून्य मिसळलं की पुढे त्या वेगळ्या काढता येत नाहीत. एकूण जागेचा अंदाज दाखवताना कळलेल्या आकारांची बेरीज एका ओळीत आणि आकार न कळलेल्या फाइल्सची संख्या तिच्याखालच्या ओळीत छापा.